कमेंट यंत्र वाचत नाही?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की रॉक या गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीच्या (२०२५ पर्यंतचं नाव कॉक) टेस्टमधल्या जुन्या कमेंट्स काढत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. यंत्र कमेंट वाचत नाही आणि साफसफाईने गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी नोंद) मात्र बिघडतो. मला दोन्ही मुद्दे पटत नाहीत.

पहिला मुद्दा तर धोक्याचा आहे. काही टेस्ट फाइल्सच्या डोक्यावर ‘कॉक-प्रॉग-आर्ग्ज’ असलेली, ईमॅक्स या एडिटरसाठीची ओळ असते. कुणाच्या तरी एडिटरची राहून गेलेली खूण वाटते, पण टेस्ट-सूटची मेकफाइल (टेस्ट कशा चालवायच्या ते सांगणारी फाइल) सेड हे मजकूर शोधणारं साधन लावून त्याच ओळीतून कमांडचे पर्याय उचलते. ओळ उडवली की टेस्ट वेगळ्याच पर्यायांनी चालते. तुटली तर बरं, निदान कळतं. पास झाली तर जे तपासायचं होतं ते तपासलंच जात नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ‘कॉम्प्लेक्सिटी’ फोल्डरमधल्या ‘एक्स्पेक्टेड टाइम’ या कमेंटचंही तेच, वेळेची मर्यादा तिथूनच घेतली जाते. म्हणून काहीही पुसण्याआधी मेकफाइलमधले सेडचे पॅटर्न वाचा.

खरी अडगळ म्हणजे कमेंटमध्ये टाकलेली कमांड आणि शेजारी ‘हे अजून चालत नाही’ असा शेरा. ती कमांड उघडा आणि चालवा. चालली, तर तशीच ठेवा आणि शेरा काढा. नाही चालली, तर तिच्या आधी ‘फेल’ लावा, म्हणजे ती कमांड अपयशी ठरली तरच टेस्ट पास होते. मग ज्या दिवशी ती चालायला लागेल त्या दिवशी टेस्ट तुटेल आणि कुणाला तरी बघावंच लागेल. मात्र नुसतं ‘फेल’ कुठल्याही एररवर खूश असतं. लेमाचं (सहायक प्रमेयाचं) नाव बदललं आणि ‘सापडलं नाही’ अशी एरर आली, तरी टेस्ट हिरवीच. एरर नेमकी कोणती, हे महत्त्वाचं असेल तर फाइल ‘आउटपुट’ फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे संदेश अपेक्षित मजकुराच्या ‘.आउट’ फाइलशी ताडला जाईल. अलीकडच्या आवृत्त्यांत त्या संदेशाआधी ओळ क्रमांकही छापला जातो, त्यामुळे वरची एक कमेंट काढली तरी ती टेस्ट लाल होते. अशा वेळी ‘मेक अप्रूव्ह-आउटपुट’ (नवा मजकूर अपेक्षित म्हणून मान्य करणारी कमांड) चालवण्याआधी डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, वाचायलाच हवा. फक्त क्रमांक सरकले असतील तर ठीक. संदेशाचा मजकूर बदलला असेल तर थांबा, ते काम वेगळं आहे.

राहिला ब्लेम. सबंध ओळ काढली तर उरलेल्या ओळींचा ब्लेम बदलत नाही. बदलतो तो कोडच्याच ओळीच्या शेवटी असलेली कमेंट काढल्यावर. तेवढ्यासाठी स्वतंत्र कमिट करा आणि त्याचा हॅश (कमिटची ओळखखूण) ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या, ब्लेमने वगळायच्या कमिट्सच्या यादीत टाका. ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ हे सेटिंग प्रत्येकाला आपापल्या मशीनवर करावं लागतं, हे टीमला सांगून ठेवा.

बगचा क्रमांक सांगणारी कमेंट मात्र जुनी म्हणून काढू नका. २०१७ मध्ये बगच्या नोंदी बगझिला या जुन्या प्रणालीवरून गिटहबवर आल्या, तेव्हा काही जुन्या बगांचे क्रमांक बदलले. इश्यू (गिटहबवरची बगची नोंद) उघडून बघा, तोच आहे याची खात्री करा आणि नुसत्या आकड्याऐवजी पूर्ण लिंक लिहा.