जागा संस्थेची नसते, प्रोजेक्टची असते

परवा भाची आली. एमएस्सी केमिस्ट्री झाली, निकाल चांगला, पण तोंड उतरलेलं. "मामा, संशोधनाच्या जागेसाठी त्रेचाळीस मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही." तर्री-पोह्याची प्लेट बाजूला सारून तिचा फोन घेतला. मेल नागपूरच्या प्राध्यापकांना आणि आत लिहिलेलं, "आपल्या पुण्यातील नामांकित संस्थेत..." म्हटलं, बाप्पा, मीही उत्तर दिलं नसतं!

आपल्याकडे पोरं संशोधनाची जागा तलाठी भरतीसारखी शोधतात. जाहिरात, अर्ज, वाट पाहणं. पण जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) किंवा प्रोजेक्ट असोसिएट (प्रकल्प सहायक) यांची जागा बहुतेक वेळा संस्थेची नसतेच. एखाद्या प्राध्यापकाला डीएसटी, सीएसआयआर अशा संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थांकडून दोन-तीन वर्षांचा प्रोजेक्ट मंजूर होतो, त्या पैशातून ती निघते. प्रोजेक्ट संपला की जागा संपली.

हे मी ठेच लागून शिकलो. जाहिरातीत 'एक वर्ष, मुदतवाढ शक्य' वाचून रुजू झालो आणि नंतर कळलं की प्रोजेक्टचे सातच महिने उरलेत. पहिलं मानधन चौथ्या महिन्यात मिळालं, अनुदानाचा हप्ता वरूनच अडकला होता. तोवर बाबांच्या पेन्शनवर. कोणती संस्था, ते जाऊ द्या.

आता नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास असेल तर जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं भत्ता. पोरं हा आकडा पाहतात. मी म्हणतो, आधी विचारा, प्रोजेक्ट किती उरला? आणि या कामावर पीएचडीची नोंदणी होईल का? कारण ती नोंदणी वेगळी भानगड आहे, आपोआप होत नाही.

आणि संशोधनासाठी बंगलोरच कशाला गाठायचं? आपल्या नागपुरात बघा: विद्यापीठाचा कॅम्पस, एलआयटी हे तंत्रज्ञान कॉलेज, मृदा सर्वेक्षण ब्युरो, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, पुढे वाडीला अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र, एवढं एकट्या अमरावती रोडवर. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून इथंच. व्हीएनआयटी हे इंजिनीअरिंग कॉलेज आणि वर्धा रोडवरची कापूस संशोधन संस्था वेगळीच. आपण रोज समोरून गाडी नेतो, पाटी कधी वाचत नाही.

भाचीने एमएस्सीत यवतमाळच्या बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं होतं. त्रेचाळीसपैकी एकाही मेलमध्ये याचा उल्लेख नाही! त्याच विषयावर काम करणाऱ्या एका मॅडमचा पेपर तिला वाचायला लावला. रात्री बारापर्यंत बसली. मग सहा ओळींचा मेल: मी इतके नमुने घेतले, अमुक उपकरण स्वतः चालवलं, तुमच्या पेपरमधल्या चौथ्या आकृतीबद्दल एक शंका आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सध्या जागा नाही, पण बुधवारी येऊन भेट, आकृतीत चूक आहे खरी.

"मामा, जागाच नाही तर जाऊन काय करू?"

म्हटलं, जा. मी सोडून देतो गाडीवर.