‘कोणतंही कार्ड टाका, चालतं’: नाही चालत

लॅपटॉपच्या वायफायबद्दल एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. वायफाय दिसेनासं झालं म्हणजे आतलं कार्ड जळालं. खालचं झाकण उघडा, त्याच मापाचं कोणतंही कार्ड टाका, पाच मिनिटांत काम. काळी आणि पांढरी वायर मात्र उलटी लावू नका, नाहीतर नवं कार्डही जाईल. घेतच आहात तर सगळ्यात नवं घ्या, वेग तिप्पट. शेवटी तळटीप: विंडोजचं लायसन्स जाण्याची तयारी ठेवा, आणि डोंगलच्या, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या वायफाय उपकरणाच्या, नादी लागू नका.

कार्ड घरच्या घरी बदलता येतं, हे मला मान्यच आहे. पण हा मेसेज भलत्या ठिकाणी घाबरवतो आणि जिथे थांबून तपासायला हवं तिथे ‘बिनधास्त करा’ म्हणतो.

‘वायफाय दिसत नाही म्हणजे कार्ड जळालं.’ असं बरेचदा नसतं. एम.२ प्रकारच्या, म्हणजे आताच्या लॅपटॉपमधल्या, बहुतेक कार्डांवर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच तुकड्यावर असले तरी ते वेगवेगळ्या वाटांनी बोलतात: वायफाय पीसीआयई नावाच्या मदरबोर्डवरच्या जोडणीतून, ब्लूटूथ यूएसबीवरून. त्यामुळे ब्लूटूथ चालू आहे म्हणून वायफायही शाबूत असेल असं नाही, आणि वायफाय गायब आहे म्हणून अख्खं कार्ड मेलं असंही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० किंवा कोड ४३ दिसला तर लोक लगेच नवं कार्ड मागवतात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की उपकरण सुरू झालं नाही किंवा त्याने तक्रार नोंदवली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला तरी हेच कोड येतात.

आधी लॅपटॉप खऱ्या अर्थाने बंद करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचं शटडाऊन पूर्ण बंद करतच नाही. शिफ्ट दाबून शटडाऊन करावं लागतं. मग चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकून पडलेलं कार्ड एवढ्याने शुद्धीवर आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तरीही नाहीच, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा. तिथे वायफाय चाललं तर दोष विंडोजकडे आहे, झाकण उघडायचं कारण नाही. तिथेही नाही आणि बायोसमध्येही (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलेलं नाही, तेव्हा कुठे कार्डावर संशय घ्यायचा. तोही आधी कार्ड काढून पुन्हा बसवून बघितल्यावर.

वायफाय दिसतं पण रेंज मरतुकडी आहे, ही तर वेगळीच तक्रार, आणि मेसेज दोन्हींना एकच औषध देतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या केसासारख्या बारीक केबल बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. हजारो वेळा झाकण उघडून-मिटून ती केबल आतून तुटत जाते. राउटरच्या जवळ बसून झाकण हळूहळू मागेपुढे करा आणि सिग्नलच्या कांड्यांकडे बघत राहा. ठरावीक कोनात कांड्या पडत असतील तर नव्या कार्डाने काहीही होणार नाही, केबल बदलावी लागेल.

‘त्याच मापाचं कोणतंही चालतं.’ सगळ्या मेसेजमध्ये हे वाक्य सर्वात महागात पडणारं आहे.

माप म्हणजे २२३०: २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. जुन्या लॅपटॉपमधली मिनी पीसीआयई कार्डं वेगळ्या आकाराची, ती इथे बसतच नाहीत, त्यामुळे निदान फसवणूक तरी होत नाही. खरा सापळा बसणाऱ्या कार्डांत आहे. इंटेलची काही कार्डं पूर्ण कार्डं नसतातच. सीएनव्हीआय नावाच्या पद्धतीत वायफायचा विचार करणारा भाग इंटेलच्याच प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, आणि स्लॉटमध्ये बसतो तो फक्त रेडिओ. ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही या जातीची. ९२६०, एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वयंपूर्ण, पीसीआयईवाली. एएक्स२१० आणि एएक्स२११ शेजारी ठेवा: तेच माप, दोन्ही त्याच स्लॉटमध्ये बसणारी, नावात एका आकड्याचा फरक. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये एएक्स२११ अगदी व्यवस्थित बसतं, स्क्रूही लागतो, आणि विंडोजला ते दिसतच नाही. मग माणूस म्हणतो, दुकानदाराने खराब माल दिला.

उलट दिशेनेही गंमत आहे. काही लॅपटॉपच्या स्लॉटला पीसीआयईच्या वायरी जोडलेल्याच नसतात, तिथे स्वयंपूर्ण कार्ड चालत नाही. इंटेलचं वायफाय ७ चं बीई२०० तर पीसीआयईवर चालणारं असूनही एएमडीच्या अनेक यंत्रांवर ओळखलं जात नाही. म्हणून मूळ कार्डावरचा मॉडेल क्रमांक वाचा आणि शक्यतो तेच, किंवा उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्यांपैकी एक घ्या.

जुना थिंकपॅड किंवा जुना एचपी असेल तर आणखी एक भिंत. त्यांच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असे, आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप चालूच होत नसे. थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाची आणि एचपीवर १०४ क्रमांकाची चूक दिसली, तर कार्ड खराब नाही, ते यादीत नाही. अशा वेळी त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं कार्ड शोधणं हाच सरळ मार्ग.

‘वायर उलटी लागली तर कार्ड जळतं.’ जळत नाही. त्या अँटेनाच्या केबल आहेत, वीजपुरवठ्याच्या नाहीत. कार्ड त्यातून मिलिवॉटच्या हिशेबात रेडिओ लहरी पाठवतं. दोन अँटेनांच्या कार्डावर वायफाय दोन्ही वापरतं, त्यामुळे अदलाबदल झाली तरी बहुतेकदा लक्षातही येत नाही. झालाच तर ब्लूटूथच्या रेंजमध्ये थोडा फरक. कार्डावर १ आणि २ किंवा काळा-पांढरा त्रिकोण छापलेला असतो, तो बघून लावा, झालं.

जपायचं आहे ते वेगळ्याच कारणासाठी. केबलच्या टोकाची टोपी इतकी नाजूक असते की या प्रकारच्या यू.एफएल जोडणीची हमी साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतीच असते. नव्या एम.२ कार्डांवरच्या टोप्या त्याहूनही लहान, त्यामुळे जुन्या मिनी पीसीआयईच्या केबल त्यांवर बसत नाहीत. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. मग टोपीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती सरळ वर उचला. केबल धरून ओढलीत तर टोपी केबलपासून वेगळी होते. स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं, त्याच कोनात बाहेर ओढायचं आणि त्याच कोनात नवं घालायचं. केबल परत लावताना टोपी आधी बरोबर मधोमध आणा आणि मग बोटाच्या टोकाने दाबा. बारीकसा ‘टिक’ जाणवतो. जाणवला नाही तर आणखी जोर देऊ नका, टोपी बाजूला सरकली आहे, उचलून पुन्हा बसवा.

‘नवं कार्ड म्हणजे तिप्पट वेग.’ राउटर काय आहे ते सांगा, मग बोलू. दोन अँटेनांच्या वायफाय ५ जोडणीचा कागदावरचा वेग ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर सेकंदाला ८६७ मेगाबिट. वायफाय ६ चा त्याच रुंदीवर १२०१, आणि १६० मेगाहर्ट्झवर २४०२. हा शेवटचा आकडा वेष्टनावर छापतात. राउटर वायफाय ५ चा असेल तर नवं कार्डही ८० मेगाहर्ट्झवर ८६७ वरच थांबणार. आणि इंटरनेटचा प्लॅन १०० मेगाबिटचा असेल तर ही सगळी आकडेमोड फक्त घरातल्या घरात फायली हलवण्यापुरती. मात्र जुनं कार्ड एकाच अँटेनाचं, ४३३ मेगाबिटचं असेल तर फरक खरोखर जाणवतो, पण तेव्हा दुसरी केबल आत आहे का ते बघा. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधीकधी एकच असते. ६ गिगाहर्ट्झच्या नव्या वायफाय पट्ट्यासाठी तर कार्ड, राउटर आणि विंडोज ११ हे तिन्ही लागतात. विंडोज १० वर तो पट्टा मिळत नाही.

लायसन्सची भीती निराधार आहे. विंडोजची नोंद मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेली असते. वायफाय कार्ड बदलल्याने ती सहसा हलत नाही. बदलतो तो मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर कार्ड ओळखण्याचा क्रमांक. राउटरवर ठरावीक यंत्रांनाच प्रवेश ठेवला असेल किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर लॅपटॉपची नोंद असेल, तर ती नव्याने करावी लागते. आणि नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. नाही ठेवला, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करता येतं.

राहिला डोंगल. पातळ लॅपटॉपमध्ये वायफायचा भाग थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. तिथे ‘कार्ड बदलणं’ म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवण्याचं काम, आणि त्यापुढे यूएसबी डोंगल हाच शहाणा उपाय. फक्त तो यूएसबी २ चा नको, तिथे कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट. आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मोजून दाखवलं आहे. त्यामुळे डोंगल शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर चालवा. ते जमत नसेल तर वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून तो पोर्टपासून लांब ठेवा.