मावशीची बाटली

व्हिडिओ कॉल चालू असतानाच मावशीने फ्रिज उघडला आणि दारातली बाटली काढून माझ्यापुढे धरली. पाण्याची लिटरची प्लॅस्टिकची बाटली, वरचं लेबल सोललेलं, आत शेवाळी रंगाचा काढा. तळाला बोटभर गाळ. तिने बाटली हलवली, गाळ वर आला, परत सावकाश खाली बसला. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी, जेवणाआधी.

“ह्येच्यात काय काय आसा?”

“हळद, अश्वगंधा, गुळवेल. बाकीचा तो वैदू सांगणा नाय.”

“मावशे, डॉक्टराक सांगलंस?”

“नाय गो. कित्याक सांगू? बोलतले.”

ती वेंगुर्ल्यात, मी जर्मनीत न्यूरेम्बर्गमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसलेली. डबा तसाच राहिला.

मावशीला अंडाशयाचा कर्करोग आहे. पोट फुगतं, भूक लागत नाही, म्हणून तिने कितीतरी महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. या आजाराची खोडच ती. लक्षणं अशी घरगुती की बाई स्वतःच त्यांना किंमत देत नाही, आणि कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं. सिंधुदुर्गात मोठा आजार निघाला की गाडी गोव्याकडे वळते, तशी तिचीही वळली. ऑपरेशन, मग केमो: कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आणि पॅक्लिटॅक्सेल, यांचे सहा डोस. सीए-१२५, म्हणजे रक्तातला या आजाराचा आकडा, खाली आला, घरात सत्यनारायण झाला. पाचव्या महिन्यात तो आकडा पुन्हा चढला. प्लॅटिनमचं शेवटचं सलाइन संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला, तर तो प्लॅटिनमला जुमानत नाही असं डॉक्टर धरतात. बाटली घरात आली ती या बातमीनंतर.

मग आमचा फॅमिली ग्रुप पेटला. एका बाजूला काका: ऋषिमुनींना सगळं ठाऊक होतं, ही केमो म्हणजे विष. दुसऱ्या बाजूला ठाण्याचा चुलतभाऊ: वैदूंना आत टाका. कुणीतरी नवज्योतसिंग सिद्धूंचा २०२४च्या नोव्हेंबरातला जुना व्हिडिओ टाकला. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि पथ्य यांनी हरला, हा तो दावा. तिची शस्त्रक्रिया आणि केमोही झाल्या होत्या, ही गोष्ट फॉरवर्ड करताना गळून जाते. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी तेव्हा पत्रक काढून ‘असल्या गोष्टींवर विसंबू नका’ म्हणून सांगितलं होतं. ते पत्रक चुलतभावाने टाकलं. काकांनी त्यावर हात जोडल्याचा इमोजी टाकला. वाद जिंकल्यासारखे दोघेही झोपायला गेले. मावशी त्या ग्रुपमध्ये आहे, पण तिला कुणी काही विचारलं नाही.

मला या भांडणात दोघांचंही पटत नाही.

काका ज्याला विष म्हणतात ते पॅक्लिटॅक्सेल झाडाच्या सालीतून आलंय. इथे माझ्या घरामागच्या कबरस्तानात यू नावाच्या झाडाचं कुंपण आहे. गडद हिरवी पानं, शरदात लाल मऊ फळं, पान गुरांनी खाल्लं तर गुरं मरतात. पॅक्लिटॅक्सेल सापडलं ते याच्या अमेरिकन भावंडात. साल गोळा केली १९६२ साली, आणि तिच्यातलं नेमकं द्रव्य ओळखून १९७१ साली जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली १९९२ला. साल ते सलाइन, तीस वर्षं.

दुसरी गोष्ट तर वेंगुर्ल्याच्या आणखी जवळची. आंबोलीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. नाव त्याच्या वासावरून पडलेलं. काही जण त्यालाच अमृता म्हणतात, म्हणजे नावातच वाद. वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. तेच आपल्या नरक्यात भरपूर आहे, हे १९७२ साली पुढे आलं. त्यापासून बनवलेलं टोपोटेकान केमोनंतर उलटलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर १९९६पासून वापरतात. मावशीला आता डॉक्टर बहुतेक तेच देणार आहेत. सह्याद्रीत या लाकडाची चोरटी तोड वर्षानुवर्षं चालत आलीय आणि झाड दुर्मिळ होत चाललंय. ऋषिमुनींचा वारसा म्हणून ग्रुपवर कंठशोष करणाऱ्यांपैकी कुणी नरक्याचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा झाडपाल्यात काही नाही, असं मी म्हणणार नाही. प्लॅटिनमला सरावलेल्या पेशी तीन-चार युक्त्या करतात. औषध पंपाने उपसून बाहेर टाकतात, तुटलेला डीएनए जोडून घेतात, प्लॅटिनमला ग्लुटाथिओन नावाच्या स्वतःच्याच द्रव्याने बांधून निकामी करतात. हळदीतलं कर्क्युमिन यातल्या काही युक्त्या मोडतं आणि पेशी पुन्हा औषधाला बळी पडतात, असं प्रयोगशाळेत अनेकदा दिसलंय. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए हे द्रव्य सिसप्लॅटिनबरोबर, म्हणजे प्लॅटिनमच्याच दुसऱ्या औषधाबरोबर, दिल्यावर उंदरांमधल्या गाठी आटल्या, हेही अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या कामात आलं. ही दिशा खरी आहे.

पण काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन हवं तेवढं ओतता येतं. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन, दिवसाला आठ ग्रॅम गिळलं तरी, रक्तात नाममात्र उतरतं. म्हणून त्यात मिरी घालतात. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरिनने माणसांच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. काका हे वाचून खूश होतील. पण पायपरिन हे काम करतं ते औषधं निकामी करणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेला अडवून, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचराही काही अंशी त्याच यंत्रणेतून होतो. यंत्रणा अडली तर केमोचं औषध अंगात जास्त वेळ राहणार. डॉक्टरांनी डोस मोजलाय मिलिग्रॅममध्ये, उंची-वजन बघून. बाटलीतली मिरी कुणी मोजली?

गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात ती कोकणात घरोघरी उकळली. २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, पण केमो चालू असलेल्या बाईच्या यकृतावर आणखी एक धोंडा कशाला?

आता इकडचं सांगते. परदेशात सगळे विज्ञाननिष्ठ, हा समज मी इथे येऊन वर्षभरात सोडला. आंब्यावर बांडगूळ दिसलं की आमचे बाबा कोयतीने छाटतात. त्याच्या लांबच्या नात्यातल्या बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शनं जर्मनीत कर्करोगाच्या पेशंटना सर्रास देतात, केमोच्या जोडीला. डॉक्टरकीची पदवी नसताना उपचार करण्याचा परवानाही इथे कायद्याने मिळतो. २०१६ साली अशाच एका उपचारकाने दिलेल्या रसायनाने कर्करोगाचे तीन पेशंट दगावले. पुढे त्याला शिक्षा झाली. भोळेपणा कुणा एका देशाचा नाही.

फरक मला दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. गेल्या वर्षी शेजारच्या आजींना केमोसाठी मी गाडीने न्यायची. पहिल्या दिवशी नर्सने एक कागद पुढे ठेवला. गोळ्या कुठल्या, जीवनसत्त्वं कुठली आणि मग: चहा? आजी म्हणाल्या, झोप लागत नाही, म्हणून रात्री योहानिसक्राउटचा चहा पिते. पिवळ्या फुलांची ही वनस्पती इथे कुठल्याही दुकानात मिळते. नर्सने मान वर न करता लिहून घेतलं. अर्ध्या तासाने औषधविक्रेत्याचा फोन आला: हा चहा आजपासून बंद. या वनस्पतीने इरिनोटेकानचं रक्तातलं कामाचं द्रव्य ४२ टक्क्यांनी घटलं होतं, असा २००२चा अभ्यास आहे. इरिनोटेकान म्हणजे पुन्हा कॅम्प्टोथेसिनचंच नातलग. मिरी औषध अंगात अडवते, ही वनस्पती ते लवकर बाहेर घालवते. आजींना कुणी ‘अशिक्षित’ म्हटलं नाही. झोपेची दुसरी गोळी मिळाली, विषय संपला.

मावशी सांगते, तिच्या शेजारच्या खुर्चीवर सलाइन चाललेल्या बाईने मागे असंच प्रामाणिकपणे काढ्याचं सांगितलं होतं. तरुण डॉक्टर भर वॉर्डात म्हणाला, “मग त्याच्याकडेच जा, इथे कशाला येता?” तो दिवसभर दीडशे पेशंट बघत असेल, मला त्याची बाजू कळते. पण त्या एका वाक्याने त्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या फ्रिजच्या आत गेल्या. सिद्धूंच्या व्हिडिओने केलं नसेल एवढं नुकसान त्याने केलं. केमोच्या कागदावर ‘इतर काय घेता’ ही एक ओळ आणि उत्तर ऐकून न चिडणारा एक माणूस, एवढंच मला तिथे हवंय. याला जर्मनीचा पैसा लागत नाही. काढ्यातल्या ज्या द्रव्यात खरंच दम आहे त्याची चाचणी इस्पितळात, डोस मोजून, रक्त तपासत होऊ दे. आमच्या मावशीच्या फ्रिजमध्ये नको.

मी मावशीला काढा ओतून टाक म्हटलं नाही. ती माझं ऐकून फोनवर हो म्हणाली असती आणि बाटली खालच्या कप्प्यात ठेवली असती. डॉक्टरकडे जाताना बाटलीच घेऊन जा, एवढं म्हटलं. काकांनी ग्रुपवर माझ्यासाठी ‘गोऱ्यांची चमची’ अशी पदवी लिहिली.

काल तिचा फोन आला, परतीच्या वाटेवरून, मागे हॉर्न वाजत होते. या वेळी डॉक्टरीणबाई वेगळ्या होत्या.

“तिना झाकण काढून वास घेतल्यान गो. मगे इचारल्यान, ह्येच्यात मिरी आसा काय?”

“तू काय सांगलंस?”

“मी म्हटलंय, घशाक जाळता, म्हंजे आसतलीच. तर तिना बाटली ठेवून घेतल्यान आणि रक्त काढूक धाडल्यान. सलाइन आता बेस्तवारी.”