आंबट वासाची रिळं उन्हात घालू नका

"रंगीत पिक्चरची जुनी रिळं घरीच नवी करा" असा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. आंबट वास येत असेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवा; गुलाबी पडलं असेल तर सोड्याच्या पाण्यानं धुवा; मग पडद्यावर चालवून मोबाईलनं शूट करा, ॲप ४के करून देईल; उरलेलं रीळ भंगारात द्या, त्यात चांदी असते. आमच्या मामाजींनी हा वाचून टुरिंग टॉकीजच्या काळातले डबे थेट स्लॅबवर नेले, म्हणून हे लिहावं लागतंय.

उन्हाचं आधी, कारण त्यानं झालेलं नुकसान भरून येत नाही. आंबट वास ओलीचा नसतो, आम्लाचा असतो. त्या काळातल्या रंगीत प्रिंटचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो फुटतो, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची फूट आणखी वेगानं घडवतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटनं १९९३ साली याचा तक्ताच काढला: २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला हा रोग लागायला साधारण ४० वर्षं लागतात. आपल्याकडे नवतपात पारा ४५ वर असतो. ज्या रिळाला वास आधीच सुटलाय, ते स्लॅबवर ठेवणं म्हणजे त्याची उरलीसुरली वर्षं जाळणं.

उन्हात रीळ आकसतं, ते मोजताही येतं. ३५ मिमीच्या प्रिंटवर एका फ्रेमला चार भोकं, फ्रेमची लांबी १९ मिमी. कडेला धरून, न ताणता १०० फ्रेम टेबलावर सरळ पसरा आणि टेप लावा. १९० सेंमी भरायला हवं. १८८.१ भरलं तर रीळ एक टक्का, म्हणजे अख्खी एक फ्रेम आकसलं. असं रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, दात्यांवर भोकं फाटतात.

वासाची रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण वाफ शेजारच्या डब्यालाही लागते. गंजलेला टिनाचा डबा बदला, रीळ आडवं ठेवा, पॉलिथिनमध्ये घट्ट बांधू नका. टिनाच्या छपराखाली नको, आणि कूलरच्या खोलीतही नको: तिथे गारवा मिळतो पण दमटपणा वाढतो.

गुलाबी रंग हा मळ नाही. ईस्टमनकलर, म्हणजे त्या काळच्या नेहमीच्या रंगीत फिल्मच्या प्रिंटमधला निळसर, म्हणजे सायन रंग अंधारातही सगळ्यात आधी उडतो आणि मागे गुलाबी उरतो. उडालेला रंग धुऊन कुठून येणार? सोड्यानं मात्र चित्र धरून ठेवणारं जिलेटिन फुगतं आणि चित्राचा थर पायापासून सुटतो.

ॲपच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सॉफ्टवेअर धूळ आणि ओरखडे काढतं, थोडा रंग शिल्लक असेल तर तोलही बराच सावरतं. पण त्यासाठी शक्यतो मूळ निगेटिव्हवरून, नाहीतर चांगल्या प्रिंटवरून फ्रेम-फ्रेम स्कॅन लागतो. अडीच तासांच्या पिक्चरमध्ये २ लाख १६ हजार फ्रेम असतात. ४के स्कॅनची एक फ्रेम साधारण ५० एमबी, म्हणजे सगळा पिक्चर दहा टीबीच्या वर. प्रोजेक्टर सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो, मोबाईल बहुधा ३० टिपतो. त्यातून लुकलुक आणि जोडफ्रेमा येतात. मग ॲप नसलेले चेहरे रेखाटतं. शिवाय थिएटरसाठी आणि टीव्हीसाठी रंग वेगवेगळे बसवावे लागतात, एकच फाइल दोन्हीकडे नीट दिसत नाही.

चांदीबद्दल: रंगीत फिल्म धुताना चित्रातली चांदी काढूनच टाकतात. जुन्या रंगीत प्रिंटमध्ये ती फक्त कडेच्या आवाजाच्या बारीक पट्टीत उरते. कृष्णधवल रिळात असते, हे खरं. पण मूळ निगेटिव्ह नासलेलं असलं तर तुमच्या कोठीतली प्रिंट हाच त्या पिक्चरचा शेवटचा पुरावा असू शकतो. भंगारवाल्याला फोन करण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ पासून ते हेच काम करतात. विचारताना डब्यावरचं नाव सांगू नका, रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवरचं नाव आणि भाग क्रमांक वाचून सांगा. जत्रेच्या धावपळीत डब्यांची अदलाबदल झालेली असते.