सही ठोका, मोकळे व्हा

सरकारी पैशातून मिळणाऱ्या व्हीलचेअरचा फॉर्म टेबलावर आला, की डॉक्टर आणि थेरपिस्ट मंडळींनी घाबरून जाऊ नये. पैसा आपल्या खिशातला नाही, खुर्चीत आपल्याला बसायचं नाही. आपल्याकडे काय आलं? एक सही.

मापं घेण्याच्या फंदात तर पडूच नका. टेप शोधा, माणसाला ताठ बसवा, कंबर मागे टेकवा... कुणी सांगितलंय! 'साइज : मध्यम' लिहा आणि पुढचा पेशंट बोलवा. सीट नितंबांच्या रुंदीइतकी किंवा फार तर बोटभर जास्त असावी म्हणतात, पण आपण सढळ हातानं ऐसपैस द्यावी. मग माणूस एका अंगाला कलंडतो, चाकाच्या कड्यापर्यंत हात नीट पोचत नाहीत आणि खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडकते. दार अरुंद आहे, त्याला आपण काय करणार?

सीटच्या खोलीचं गणित तर तिसरीतल्या वजाबाकीचं. पार्श्वभागाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजायचं आणि त्यातून तीन ते सहा सेंटीमीटर कमी करायचे. ही वजाबाकी गाळली, की सीटची कड पोटरीला रुतते. ती टाळायला माणूस पुढे घसरतो, माकडहाडावर रेलून बसतो आणि काही दिवसांत तिथली कातडी लाल होते. खालच्या अंगाला संवेदना नसेल तर आणखी सोयीचं, कारण जखम खोल जाईपर्यंत तो तक्रारच करत नाही.

गादीचा रकाना कोरा सोडा. गादी मागाहून आली की माणूस तिच्या जाडीइतका वर उचलला जाईल, पाय फूटरेस्टवरून लोंबकळतील आणि सगळा भार मांड्यांवर येईल. गादी उलटी घातली गेली तरी कोण बघतंय? गादी भार नीट पेलते का, हे बघायची सोपी रीत आहे म्हणा. माणूस गादीवर बसलेला असताना बसण्याच्या हाडाखाली बोटं सरकवायची. बोटांची टोकं वरखाली हलली तर ठीक, नुसती ओढून काढता आली तर सावध व्हायचं, घट्ट दाबली गेली तर गादी बदलायची. पण त्यासाठी हात घालावा लागतो, आणि आपला हात तर पेनात गुंतलेला.

कुबड्या, काठ्या तर चिल्लर कामं. कुबडीचं वरचं टोक आणि काख यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, नाहीतर काखेतली नस दबून मनगट लुळं पडतं. आपण मात्र 'उंच माणूस, उंच कुबडी' एवढ्यावर भागवावं. श्रवणयंत्राला चार वर्षांपूर्वीचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, जोडावा, कानाचा साचा सैल ठेवावा. शिट्टी वाजली की पेशंट यंत्र आपणच डबीत ठेवतो.

सगळ्यात उत्तम म्हणजे पुरवठादाराच्या माणसाला फॉर्म भरू द्यावा. तो हसतमुख असतो, वेळेवर येतो, त्याला कॅटलॉग पाठ असतं, आणि कोणत्याही पेशंटला सगळ्यात महागडं मॉडेलच कसं लागतं, हे त्याला पेशंट न बघताही कळतं. कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गठ्ठाच दिलात, तर त्याचे हेलपाटे वाचतील. 'मी स्वतः तपासणी केली आहे' हे वाक्य सहीच्या वरच छापलेलं असतं, पण ते फार बारीक अक्षरात असतं. पेशंटला दुसरा पुरवठादार निवडता येतो, हे सांगून त्याला कशाला गोंधळात टाकायचं? आणि या शिफारशीत आपला काही हितसंबंध आहे का, असं विचारलंच कुणी, तर दिवाळीच्या भेटीला हितसंबंध म्हणत नाहीत.

'गरजेचं कारण' या रकान्यात 'चालता येत नाही' लिहावं. सगळ्यांना तेच चालतं. पेशंट घरात किती हिंडतो, खुर्चीतून पलंगावर कसा जातो, ढकलायला कुणी आहे का, इलेक्ट्रिक खुर्ची दिली तर चार्जिंग कुठे करणार आणि पायऱ्यांचं काय, हे लिहायला बसलात तर रकाना पुरणार नाही.

खुर्ची आल्यावर ती बसवून बघायला बोलावू नये. फॉर्ममधल्या खुर्चीऐवजी भलतीच आली असेल तर उगाच ते आपल्याच नजरेला पडायचं. त्यापेक्षा 'काही त्रास वाटला तर या' असं प्रेमानं सांगावं. ज्याला त्या खुर्चीतून घराबाहेरच पडता येत नाही, तो काही येत नाही, आणि आपल्या रजिस्टरात तक्रारी शून्य राहतात.