पाम व्हॅलीचे पाम माणसांना हाकलून वाचणार नाहीत

लालभडक कड्यांच्या घळीत उभे असलेले उंच, सडपातळ पाम आणि खाली चार-पाच ओळींचा मजकूर, अशी एक पोस्ट वेगवेगळ्या रूपांत फिरते आहे. तिचा सारांश असा: मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले हे पाम कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पर्जन्यवनाचे शेवटचे वंशज आहेत. तिथे माणसाचा हात कधी लागला नाही म्हणून ते टिकले. आता आदिवासींनी लावलेल्या आगींमुळे ते धोक्यात आहेत. तेव्हा घळीला कुंपण घालावे, माणसांना बाहेर काढावे आणि बिया जगभर वाटाव्यात.

फोटो खरा आहे. हे झाड म्हणजे लिव्हिस्टोना मारिए, तिकडच्या बोलीत रेड कॅबेज पाम. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे १४० किलोमीटरवर फिंक गॉर्ज राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या पाम व्हॅलीत आणि लगतच्या घळींत हा पाम निसर्गतः उगवतो. झाड दुर्मीळ आहे, ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने त्याची नोंद असुरक्षित जातींत केली आहे, इथपर्यंत सगळे बरोबर. बाकीचा मजकूर चुकीचा आहे, आणि त्यातून काढलेला उपाय अमलात आणला तर नुकसान पामांचेच होईल.

‘कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पर्जन्यवनाचे वंशज’ ही समजूत नवी नाही, शास्त्रज्ञही बराच काळ तसेच मानत. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी खंड कोरडा पडू लागला, जंगल आक्रसत गेले आणि ओल टिकलेल्या या एका घळीत पाम अडकून राहिले, असा तो तर्क होता. २०१२ मध्ये जपानी व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो तपासला. पाम व्हॅलीतला मारिए आणि उत्तरेकडचा त्याचा भाऊबंद लिव्हिस्टोना रिजिडा यांच्या मिळून १४ वस्त्यांतल्या झाडांचे आठ जनुकीय खुणांवर आधारित विश्लेषण त्यांनी केले. मारिए खरोखर इतका जुना असता तर तो सगळ्यांहून वेगळा पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो सुमारे हजार किलोमीटर दूरच्या रोपर नदीकाठच्या रिजिडाला सर्वांत जवळचा निघाला. रोपरकाठचे रिजिडा निकल्सन-ग्रेगरी नद्यांच्या खोऱ्यातल्या रिजिडाला जितके जवळ आहेत, त्यापेक्षा मारिएला अधिक जवळ आहेत. ताटातूट झाल्याचा अंदाज निघाला सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीचा.

त्या काळात मध्य ऑस्ट्रेलियात माणसे वसत होती. म्हणून बी माणसांनीच आणले असणे शक्य आहे, असे संशोधकांनी लिहिले. शक्य आहे एवढेच, सिद्ध झालेले नाही. फळ गोटीएवढे असते, पक्ष्याने आणले ही शक्यता अजिबात खोडता येत नाही. पण हजार किलोमीटरच्या कोरड्या टापूत मध्ये या पामांची एकही वस्ती नाही, हे पक्ष्यांच्या बाजूने समजावून सांगणे कठीण जाते. शिवाय १८९४ पासून जवळच्या हर्मन्सबर्ग मिशनमध्ये राहिलेले जर्मन धर्मप्रचारक कार्ल श्ट्रेलो यांनी इथल्या आदिवासींची, म्हणजे पश्चिम अरेंटे लोकांची, एक परंपरागत कथा लिहून ठेवली आहे. उत्तरेकडून आलेल्या देवांनी पामाचे बी इथे आणले, असे ती सांगते. जनुकांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्या संशोधनातले एक लेखक डेव्हिड बोमन यांच्या वाचनात ती आली. इतक्या जुन्या घटनेची आठवण तोंडी परंपरेने जपली असावी का, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे. ‘दंतकथा’ म्हणून ती बाजूला सारणे आता कुणालाही जमू नये.

‘माणसाचा हात लागला नाही’ हे तर उघडच चूक आहे. पाम व्हॅलीला अरेंटे लोकांचे स्वतःचे नाव आहे, म्पुलुंगकिन्या. युरोपीय प्रवासी अर्नेस्ट जाइल्स १८७२ मध्ये या भागात पोचला, तेव्हा तो या लोकांच्याच प्रदेशात शिरत होता. १८७७ मध्ये मिशन आले आणि त्यासोबत गुरे आली. राष्ट्रीय उद्यान झाले ते १९६७ मध्ये. झाडांचे मोठे हाल या मधल्या नव्वद वर्षांत सुरू झाले. गुरे आणि मोकाट घोडे पाणवठ्याशी गोळा होतात, आणि पामाची रोपेही तिथेच असतात, कारण वालुकाश्मातून पाझरणाऱ्या पाण्यावरच ही वस्ती उभी आहे. रोप खुरांखाली गेले की संपले. म्हणजे कुंपणाला जागा आहे, पण ते गुराघोड्यांसाठी.

आगीचा मुद्दा सविस्तर बघावा लागेल, कारण पोस्टमधला सर्वांत घातक भाग तोच आहे.

मोठा पाम आगीत सहसा मरत नाही. आंबा किंवा साग यांच्या सालीखाली वाढीचा थर असतो, तो भाजला की झाड वाळते. पामाला तसा थर नसतो. रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि वाढीचा कोंब वर शेंड्यात पानांच्या देठांनी वेढलेला असतो. खोड काळे पडते, झावळ्या जळतात आणि पुढच्या ओलीला नवी झावळी निघते. रोपाची गोष्ट उलट आहे. त्याचा कोंब जमिनीलगत, नेमका वाळक्या पाचोळ्यात असतो. त्यामुळे तापलेली आग एकदा फिरली की कित्येक वर्षांची रोपे एका दुपारी जातात. वरून घळ हिरवी दिसत राहते, पण म्हाताऱ्या झाडांची जागा घेणारे कुणी उरत नाही.

आग किती तापणार हे गवतावर ठरते. मध्य ऑस्ट्रेलियात सलग एक-दोन वर्षे भरपूर पाऊस झाला की गवत माजते आणि ते वाळल्यावर अफाट वणवे लागतात. २०१०-११ च्या पावसानंतर तसेच झाले. पूर्वी लोक पायी फिरत, थंडीत लहान लहान तुकडे जाळत. जळलेला तुकडा पुढच्या वणव्याला अडवत असे. माणसे मिशनमध्ये आणि गुरांच्या फार्मवर स्थिरावली तशी ही जाळणी थांबत गेली आणि जळाऊ गवत सलग साचू लागले.

त्यात भर पडली परदेशी गवताची, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. आपल्याकडे कुरणात लावतात ते अंजन गवत म्हणजेच तिकडचे बफेल. इथे कोरडवाहू जनावरांचा तो आधार आहे. तिकडे त्याने नदीकाठ व्यापले, देशी गवतांना हटवले आणि दोन ठोंबांमधली मोकळी जमीनच नाहीशी केली. पूर्वी आग त्या मोकळ्या जमिनीवर विझायची. जळाल्यावर अंजन पाऊस पडताच बुडातून पुन्हा फुटते आणि आधीपेक्षा दाट होते, म्हणून नुसते पेटवून ते जात नाही.

करायचे काम असे असते. जाळणी थंडीच्या महिन्यांत, वारा मंद असताना आणि गवतात थोडी ओल असताना करायची. आधी पामांच्या बुडाशी पडलेल्या झावळ्या आणि पाचोळा ओढून दूर न्यायचा, रोपांभोवती माती उघडी करायची, मग बाहेरच्या बाजूने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा आधीच जाळलेला पट्टा, काढायची. आग वाऱ्याच्या विरुद्ध चालवायची म्हणजे ती हळू आणि बुटकी राहते. पाठीवरचे पाण्याचे पंप घेऊन माणसे पामांच्या बाजूला उभी हवीत. अंजनाचे सुटे ठोंब कुदळीने मुळाच्या गड्ड्याखालून उपटायचे, वरवर कापलेला ठोंब पुन्हा फुटतो. मोठ्या पट्ट्यात जुने गवत जाळून किंवा कापून, पावसानंतर फुटलेल्या हिरव्या पात्यावर तणनाशक मारायचे. वाळक्या पात्यावर मारलेले औषध आत शिरत नाही, ते वाया जाते. पाण्याजवळ फवारणी टाळून हातानेच काढायचे. जमिनीत बी काही वर्षे जिवंत राहते, म्हणून प्रत्येक चांगल्या पावसानंतर फेरी मारावीच लागते. एक वर्ष चुकले की आधीची मेहनत बुडते.

हे काम करायला दरवर्षी तिथेच असणारी, कोणता पाझर केव्हा आटतो हे ठाऊक असलेली माणसे लागतात. हर्मन्सबर्गजवळचे त्जुवानपा रेंजर हे स्थानिक आदिवासी पथक या परिसरात जाळणी, तण आणि मोकाट जनावरांची कामे करते. हे उद्यान ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताने २००३ मध्ये आदिवासींच्या जमीनहक्कांचा प्रश्न सोडवण्यासाठी उद्यानांविषयी कायदा केला. त्यानंतर फिंक गॉर्जचा कारभार सरकार आणि पारंपरिक मालक मिळून पाहतात. कुठे जाळायचे, कुठे पर्यटक न्यायचे, कुठल्या जागी कुणीच जायचे नाही, यावर मालकांचा शब्द चालतो. त्यांना ‘बाहेर काढा’ म्हणणारी पोस्ट नेमके जाळरेषा काढणारे हातच काढून घ्यायला सांगते आहे.

बिया जगभर वाटण्याबद्दल थोडक्यात. हा पाम बागांमध्ये आधीच पुष्कळ लावला जातो. पाम व्हॅलीत तुटवडा बियांचा नाही, रोप मोठे होण्याचा आहे. आणि बागेत लिव्हिस्टोनाच्या इतर जाती शेजारी असल्या तर संकर होऊ शकतो, त्यामुळे बागेतले बी परत घळीत नेणे धोक्याचे.

सुट्टीत तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी: शेवटचा टप्पा फिंक नदीच्या पात्रातून जातो आणि फोर-व्हील ड्राइव्हच लागते. नेमलेल्या वाटेवरच चाला, कारण लहान रोप गवताच्या पात्यासारखे दिसते आणि पायाखाली आलेले कळतही नाही. फळे उचलू नका. उद्यानात शिरण्याआधी मोजे, बुटांचे बंद आणि गाडीचा खालचा भाग तपासा. अंजनाचे केसाळ बी तिथेच चिकटते. ते झटकून तिथे टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात घाला.