आतले माप कुठे आहे?

मॉनिटर उंच करण्यासाठी मागवलेला तिसरा स्टँड काल संध्याकाळी आला. त्याखाली कीबोर्ड सरकवायला गेलो, तर तो पायांतच अडला. जाहिरातीत लांबी 45 सेंटिमीटर छापली होती, माझा कीबोर्ड 44 चा आहे आणि छायाचित्रात तर संपूर्ण कीबोर्ड फळीखाली व्यवस्थित गेलेला दाखवला होता; परंतु दोन्ही पाय दोन-दोन सेंटिमीटर जाड असल्यामुळे आत जागा उरते 41 ची, हे कोठेही लिहिलेले नव्हते. तक्रार केली, तेव्हा ‘वर्णनातील माप अचूक असल्याने वस्तू परत घेता येणार नाही’ असे उत्तर आले. बाहेरचे माप घेऊन मी काय करू? कीबोर्ड आत ठेवायचा आहे! ज्या एका आकड्यासाठी माणूस ही वस्तू घेतो तोच गाळायचा आणि वर अचूकपणाचा दाखला द्यायचा, याला मी फसवणूकच म्हणतो.

पहिला स्टँड ‘इंजिनिअर्ड वुड’चा म्हणून घेतला होता. प्रत्यक्षात ती भुसा दाबून केलेली फळी होती, खालच्या कडा उघड्याच सोडलेल्या, आणि एका पावसाळ्यात ती फुगून मधोमध वाकली. दुसऱ्याची फळी 20 सेंटिमीटर रुंद, तर माझ्या मॉनिटरची बैठक 23 ची.

उंचीच्या बाबतीत तर कोणी विचारच करत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी, हे खरे. पण प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला, चष्मा लावणाऱ्याला भिंगाच्या खालच्या भागातून वाचावे लागते, पडदा उंच गेला की हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान आखडते. तरीही जो तो 12 सेंटिमीटरची फळी ‘मानेला आराम’ म्हणून सर्वांच्या गळ्यात मारतो. मला सहा-सातच हवे होते, आणि कालचा स्टँड नेमका सातचा होता, म्हणून संताप अधिक आहे.

सध्या मॉनिटर पाचशे कागदांच्या दोन गठ्ठ्यांवर, शेजारी शेजारी ठेवून, उभा आहे. आज सकाळी ओळखीच्या सुताराला फोन केला. मी फळीची लांबी सांगू लागताच त्याने मला थांबवून विचारले, “आतून किती पाहिजे, ते सांगा.”